थंडी हाही एक जिन्नस

आपल्याकडे काही पदार्थ असे आहेत, की त्यांच्या कृतीत एक जिन्नस कधीच लिहिलेला नसतो. तो जिन्नस म्हणजे थंडी. संक्रांतीचा काटेरी हलवा घ्या. परातीत तीळ, खाली मंद आच, चमच्यानं थेंब थेंब घातलेला साखरेचा पाक आणि त्यातून फिरणारी बोटं. एवढंच साहित्य मे महिन्यात घेऊन बसलं, तर तीळ गोड होतील, पण काटा येणार नाही. जुन्या बायका म्हणत, काट्याला थंडी लागते. हवा कोरडी आणि गार असली, की पाकातलं पाणी लवकर उडतं आणि साखरेचे बारीक स्फटिक एकावर एक चढत जातात. तोच काटा.

आज मला बोलायचं आहे ते हलव्याच्या एका परदेशी चुलतभावाबद्दल. घरी, मुलांना सोबत घेऊन करायच्या चॉकलेटबद्दल. नाताळाच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंतचे तीन आठवडे हे आपल्याकडे त्यासाठी सगळ्यात चांगले दिवस. याचं कारण सणात आहे, तसंच ते हवेतही आहे. चॉकलेटची चकाकी हेसुद्धा स्फटिकांचंच काम. फक्त ते साखरेचे नसून कोकोच्या लोण्याचे असतात. हे एकदा कळलं की चॉकलेट का बिघडतं, का पांढरं पडतं, बोटांना का चिकटतं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. मुलांना तर ही उत्तरं फार आवडतात.

उन्हाचं फळ, थंडीची मिठाई

कोकोचं झाड थंडीत जगत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांच्या पट्ट्यात, दमट आणि उष्ण हवेत, मोठ्या झाडांच्या सावलीला ते वाढतं. आपल्या देशात केरळ, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांमधून त्याची लागवड होते. फळ थेट खोडाला लगडतं. आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या बिया असतात. त्या काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजतात. भाजल्याशिवाय त्यांना चॉकलेटचा वास येत नाही.

मध्य अमेरिकेतल्या लोकांनी शतकानुशतकं या बिया वाटून त्यांचं पेय केलं. ते कडू, फेसाळ असे आणि कधी त्यात मिरचीही असे. युरोपातही आधी चॉकलेट प्यायलंच जात होतं. खायची वडी फार उशिरा आली. १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हॅन हौटेन यांच्या दाबयंत्रामुळे बियांमधली चरबी, म्हणजे कोको बटर, वेगळी काढता येऊ लागली. १८४७ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं कोको, साखर आणि हेच कोको बटर एकत्र करून साच्यात ओतलं. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध आणलं, आणि १८७९ साली त्याच देशातल्या लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटून मऊ करायची रीत काढली.

ही गावांची आणि देशांची नावं पाहा. सगळी थंड मुलखातली. झाड उष्ण प्रदेशातलं आणि वडी थंड प्रदेशातली, असा हा प्रकार. म्हणून आपल्याकडे चॉकलेट करायचं तर वर्षातले थंड दिवस पकडावे लागतात.

अंशांचा हिशेब

कोको बटरचा स्वभाव चमत्कारिक आहे. ते थिजताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक करू शकतं. त्यांतला एकच, ज्याला शास्त्रज्ञ पाचवा प्रकार म्हणतात, आपल्या कामाचा. तो घट्ट असतो, चकाकतो, मोडताना टक्‌ असा आवाज करतो आणि साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सियसला वितळतो. आपल्या तोंडात ३७ अंशांच्या आसपास ऊब असते. म्हणून चॉकलेट हातात थोडा वेळ टिकतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. त्याची सारी मोहिनी या तीन-चार अंशांच्या फरकात आहे.

बाकीचे स्फटिक त्याहून कमी उष्णतेला वितळतात, किंवा फार सावकाश तयार होतात. चॉकलेट नुसतं वितळवलं आणि ओतून ठेवलं, तर त्यात सगळ्या प्रकारांची सरमिसळ होते. अशी वडी मऊ, मळकट आणि डागाळलेली दिसते. खायला काही अपाय नसतो, पण मोडताना आवाज येत नाही. तेव्हा चांगले स्फटिक जमवायला एक युक्ती करतात. तिला इंग्रजीतून आलेलं टेंपरिंग हे नाव आहे. मी मुलांना त्याला ‘विरजण लावणं’ म्हणायला शिकवलं आहे, कारण रीत तशीच आहे.

समजा ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट आहे. त्याचे बारीक तुकडे करायचे. २०० ग्रॅम कोरड्या वाडग्यात घालून, खाली गरम पाण्याचं पातेलं ठेवून वितळवायचं. उष्णता ४५ ते ५० अंशांपर्यंत गेली की वाडगं उतरवायचं. आता उरलेले १०० ग्रॅम तुकडे थोडे थोडे घालत हलवत राहायचं. हे न वितळलेले तुकडे म्हणजे विरजण. त्यांच्यात पाचव्या प्रकारचे स्फटिक आधीपासून असतात. ते सगळ्या पातळ चॉकलेटला आपल्यासारखं करून घेतात. मिश्रण ३१-३२ अंशांवर आलं की ते साच्यात ओतायला तयार. दुधाचं चॉकलेट असेल तर याहून एक-दोन अंश कमी.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. स्वच्छ चमच्यानं एक थेंब खालच्या ओठाला लावायचा. तो कोमट न वाटता किंचित गार वाटला, की जमलं. तो चमचा मात्र पुन्हा वाडग्यात घालायचा नाही. दुसरी परीक्षा स्टीलच्या डावाची. डावाच्या पाठीवर थोडं चॉकलेट फासून ठेवायचं. पाच-सात मिनिटांत ते कोरडं आणि चकचकीत झालं, तर स्फटिक बरोबर बसले.

इथे आपली थंडी कामाला येते. खोलीत वीस-बावीस अंश असले, की ओतलेलं चॉकलेट फ्रिजशिवाय, आपल्या गतीनं थिजतं आणि चांगलं थिजतं. निफाड-नाशिककडे, पुण्यात, मराठवाड्यात आणि विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी अशी खोली फुकट मिळते. मुंबई-कोकणात दुपारी तीस अंशांवर पारा जातो. तिथल्या मंडळींनी हे काम सकाळी लवकर करावं आणि साचे दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावेत.

दुकानात काय बघायचं

बाजारात चॉकलेटच्या लाद्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीवर ‘कंपाउंड’ असं लिहिलेलं असतं. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. ती स्वस्त असते, आपल्या उन्हाळ्यात तग धरते आणि तिला विरजणाची गरज नसते. वितळवा, ओता, झालं. डोंगरावरच्या सहलीच्या गावांमध्ये ‘होममेड चॉकलेट’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मालाचा पाया हाच असतो. दुसरी लादी खऱ्या चॉकलेटची. तिच्या पाठीवरच्या घटकांच्या यादीत कोको बटरचं नाव ठळकपणे असतं आणि इतर चरबीचं नसतं किंवा अगदी थोडं असतं.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी, आणि घरात पाच-सात वर्षांची मुलं असतील त्यांनी, खुशाल कंपाउंडपासून सुरुवात करावी. पण मुलांना दोन्हींचा एकेक तुकडा चाखायला द्या. डोळे मिटून सांगा म्हणावं, कोणतं जिभेवर विरलं आणि कोणतं टाळूला चिकटून राहिलं. मेणासारखा थर टाळूवर राहतो तो कंपाउंडचा. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय मुलांना उपदेशानं लागत नाही, अशा खेळानं लागते.

आणखी दोन गोष्टी. आमच्यासारख्या घरात आणि शाकाहारी घरात सारख्याच उपयोगाच्या आहेत म्हणून सांगतो. हिरवी खूण बघा. चॉकलेटवर लावायला आणतात त्या मऊ, फुगीर मार्शमेलो गोळ्यांमध्ये आणि काही जेलीच्या गोळ्यांमध्ये जिलेटीन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. तसंच नाताळाच्या दिवसांत येणाऱ्या काही परदेशी चॉकलेटांच्या पोटात मद्य भरलेलं असतं. पाकिटावर ते लिहिलेलं असतं, फक्त वाचावं लागतं. एकाच टेबलाभोवती शेजारपाजारची मुलं बसवायची, तर सगळ्यांना चालेल असाच माल आणावा. कुणा एका मुलाला ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं सांगायची वेळच येऊ नये.

मुलांना काय करू द्यायचं

संक्रांतीच्या स्वयंपाकात मुलांना आपण शेगडीपासून लांब ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. चिक्कीचा गुळाचा पाक कडक व्हायला आला की त्याची उष्णता १४० अंशांच्या पुढे जाते. उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त, आणि वर तो कातडीला चिकटतो. चॉकलेटचं तसं नाही. वितळलेलं चॉकलेट ५० अंशांच्या आत असतं आणि साच्यात ओतताना तर अंगाच्या उबेहूनही गार असतं. म्हणजे या एका मिठाईत मुलं प्रेक्षक न राहता कारागीर होऊ शकतात. गरम पाण्याचं पातेलं आणि गॅस एवढं मोठ्यांकडे ठेवा. बाकी सगळं त्यांच्यावर सोपवा.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ही रीत जुनी आहे. नाताळाच्या फराळातली कुलकुलं करायला सगळं घर बसतं. पिठाची लहान गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून वळवायची. हे काम मुलांच्या बोटांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

चार-पाच वर्षांच्या मुलांनी तीळ निवडावेत, सोललेले दाणे पाखडायला मदत करावी, साचे कोरड्या फडक्यानं पुसावेत. सात-आठ वर्षांच्यांनी तुकडे घालून हलवावं, चमच्यानं साचे भरावेत. दहाच्या पुढच्यांना वजनकाटा आणि थर्मामीटर द्यावा. त्यांनी दर दोन मिनिटांनी अंश वहीत लिहावेत. विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘अवस्थांतर’ हे प्रकरण त्यांना पुन्हा शिकवावं लागणार नाही.

एक पथ्य कडक पाळायचं. भांडी, चमचे, हात, साचे सगळं कोरडं ठणठणीत हवं. पातळ चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले किंवा खालच्या पातेल्यातली वाफ शिरली, की ते क्षणात घट्ट, रवाळ, मातीच्या ढेकळासारखं होतं. त्यात साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण चरबीत तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की ते त्याला धरून एकमेकांना चिकटतात. गंमत अशी, की थोड्या पाण्यानं बिघडलेलं चॉकलेट भरपूर गरम दुधानं सुधारतं. त्याची वडी होत नाही, पण पिण्याचं छान गरम चॉकलेट होतं. थंडीच्या संध्याकाळी त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

आपल्या थंडीचे आकार

साचे विकणाऱ्या दुकानात हिवाळ्याच्या नावाखाली मिळतात ते बर्फाचा माणूस, देवदाराचं झाड, हिमफूल. मुलांना ते चित्रपटांतून ओळखीचे आहेत आणि त्यात वाईट काहीच नाही. पण आपल्या थंडीलाही स्वतःचे आकार आहेत. पतंग आहे, तीळ आहे, बोर आहे, हरभऱ्याचा घाटा आहे. मी मुलांबरोबर नेहमी करतो ते चार प्रकार सांगतो. विरजण लावलेलं खरं चॉकलेट किंवा नुसतं वितळवलेलं कंपाउंड, दोन्हींनी जमतात.

पहिला प्रकार तीळ-दाण्यांची चॉकलेटं. २५० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम भाजून, सोलून, अर्धे केलेले शेंगदाणे आणि ५० ग्रॅम खरपूस भाजलेले तीळ. तीळ आणि दाणे पूर्ण गार झालेले हवेत, नाहीतर त्यांच्या उबेनं स्फटिक पुन्हा वितळतात. सगळं चॉकलेटमध्ये मिसळायचं आणि चमच्यानं बटर पेपरवर लहान लहान ढीग घालायचे. चाळीसेक नग होतात. वरून चिमूटभर तीळ आणि मिठाचा एखादा कण टाकला तर चव खुलते. डार्क चॉकलेटचा कडवटपणा आणि भाजल्या तिळाचा कडवटपणा यांचं चांगलं जुळतं.

दुसरा प्रकार खजुराचा. वीस मऊ खजूर, वीस भाजलेले बदाम आणि २०० ग्रॅम चॉकलेट. खजुराला उभी चीर देऊन बी काढायची, तिच्या जागी बदाम ठेवायचा, खजूर मिटायचा आणि काट्यावर धरून चॉकलेटमध्ये बुडवून काढायचा. खजूर स्वतःच इतका गोड असतो, की इथे जितकं कडू चॉकलेट घ्याल तितकं बरं. आमच्याकडे रोजा खजुरानं सोडतात, त्यामुळे खजुराचा डबा घरात असतोच. मुलांच्या हाती पडला की त्याचा असा उपयोग होतो.

तिसरा पतंगांचा. १५० ग्रॅम चॉकलेट बटर पेपरवर पातळ पसरायचं. ते थिजायला लागलं, पण अजून कडक झालं नाही, अशा वेळी सुरीनं शंकरपाळ्यांसारखं कापायचं. शंकरपाळ्याचा आकार म्हणजेच पतंगाचा आकार. थोडं पांढरं चॉकलेट वितळवून प्लॅस्टिकच्या कोनात भरायचं आणि मेंदी काढतात तशा कामट्यांच्या दोन रेघा काढायच्या. शेपटीला बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. येवल्याची मुलं संक्रांतीला आकाशात जे पतंग उडवतात, त्यांच्या तोडीचे रंग त्यात येतात.

चौथा बर्फाचे गोळे, कारण मुलांना बर्फही हवाच असतो. २०० ग्रॅम कोरडा खोबऱ्याचा कीस आणि साधारण तितकंच कंडेन्स्ड मिल्क एकत्र मळायचं, लिंबाच्या निम्म्या आकाराचे गोळे वळायचे, थोडा वेळ फ्रिजमध्ये घट्ट करायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून लगेच पांढऱ्या किसात घोळायचे. यात दूध असल्यामुळे हे फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावेत. बाकीचे तीन प्रकार हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकतात.

पांढरा थर आणि इतर शंका

चार दिवसांनी डबा उघडला आणि चॉकलेटवर राखाडी-पांढरा थर दिसला, तर पुष्कळ जण बुरशी समजून फेकून देतात. कोरड्या डब्यातल्या साध्या वडीवर बहुधा ती बुरशी नसते. कधी ऊब लागून कोको बटर पृष्ठभागावर येतं आणि तिथे पुन्हा थिजतं. बोटानं चोळलं की हा थर पुसट होतो. कधी ओल लागून वरची साखर विरघळते आणि सुकताना तिचे रवे राहतात. तो थर खरखरीत लागतो. दोन्ही खाण्यासारखे असतात. दुसरा प्रकार टाळायचा असेल, तर फ्रिजमधला डबा बाहेर काढल्याबरोबर उघडू नका. आतलं चॉकलेट खोलीच्या हवेइतकं होऊ द्या, म्हणजे त्यावर दव धरणार नाही.

आता सावधगिरीच्या गोष्टी. अलीकडे बोरन्हाणात बोरं, चुरमुरे, उसाचे करवे यांच्याबरोबर चॉकलेटंही उधळतात. पण बोरन्हाण असतं ते पाच वर्षांच्या आतल्या बाळांचं. अख्खे दाणे, बदाम, कडक गोल गोळ्या या वयाच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. त्यांच्यासाठी पातळ, सुकामेवा नसलेले तुकडे वेगळे करा. काही मुलांना शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असते. शेजारची मुलं बोलावताना त्यांच्या आईला आधी विचारा. आणि गल्लीतल्या कुत्र्याला चॉकलेट घालू नका. कोकोतलं थिओब्रोमाइन माणसाला पचतं, कुत्र्याला ते विषासारखं बाधतं. मुलं प्रेमानं आपला वाटा त्याला देतात, म्हणून हे आवर्जून सांगावं लागतं.

ज्यांच्या हातून बी येतं

मुलं हातानं काही करायला लागली, की प्रश्नही विचारतात. पाकीट फाडून खाताना जे सुचत नाही, ते हलवता हलवता सुचतं. गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “चाचा, या बिया फळातून काढतं कोण?”

उत्तर टाळता येण्यासारखं नव्हतं. जगातला निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे तो मोठ्या मळ्यांपेक्षा लहान शेतकऱ्यांच्या वावरात पिकतो. त्यांच्या हाती फार थोडं पडतं आणि मजूर लावणं परवडत नाही. म्हणून मुलं कामाला लागतात. कोयत्यानं फळं फोडणं, ओझी वाहणं, औषध फवारणं ही कामं ती करतात. चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली एका करारावर सह्या केल्या आणि या बालमजुरीची सगळ्यात वाईट रूपं २००५ पर्यंत संपवू असं म्हटलं. अमेरिकेच्या श्रम खात्यासाठी केलेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात होती.

पुढे २०२४ साली तिथलं पीक बिघडलं. कित्येक वर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला कोकोचा भाव दहा हजारांच्या वर गेला. तो नंतर उतरला, पण त्या वर्षी चॉकलेटच्या वड्या बारीक का झाल्या आणि महाग का झाल्या, ते अनेकांना कळलं नव्हतं. कारण त्या दोन देशांच्या शेतांत होतं.

हे मुलांना सांगावं का? मला वाटतं, सांगावं. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर फडावर जाणारी मुलं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. आपल्या साखरेलाही असा इतिहास आहे, त्यामुळे दूरच्या देशाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. मुलं ऐकून खाणं सोडत नाहीत आणि सोडावं असं माझं म्हणणंही नाही. त्या मुलीनं त्या दिवशी वाडगं रबरी उलथन्यानं इतकं निपटून घेतलं, की धुवायला काही उरलं नाही. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. वस्तूची किंमत तिच्या हातापर्यंत पोचली होती, एवढंच मला दिसलं. आपल्या दक्षिणेतल्या कोकोपासून चॉकलेट करणारे आणि शेतकऱ्याचा मुलूख पाकिटावर लिहिणारे उद्योगही आता आहेत. परवडत असेल तेव्हा त्यांची लादी घ्यावी. ती कुठून आली हे मुलांना नकाशावर दाखवता येतं.

वाटण्यासाठी

घरची मिठाई पोटभर खाण्यासाठी नसते. दहा ग्रॅमचा एक तुकडा मुलाला एका वेळी पुरे, आणि रात्री दात घासून झोपायचं. उरलेलं वाटायचं. चाळीस चॉकलेटं म्हणजे दहा घरं. जुन्या वर्तमानपत्रात बांधू नका, छपाईची शाई अन्नाला लागते. बटर पेपरचे चौकोन कापा, टोकं पिळा, वर मुलांच्या अक्षरात नाव लिहा.

नाताळ आणि संक्रांत दरवर्षी थंडीतच येतात. ईदचं तसं नाही. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ती सगळ्या ऋतूंमधून फिरत येते. २००० साली रमजान ईद जानेवारीत आली आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा आली. त्या वर्षी तिच्या दोन्ही खेपांना थंडी मिळाली. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, संक्रांतीनंतर तीनेक आठवड्यांनी येईल. शीरखुर्म्याच्या वाडग्याबरोबर तेव्हा चॉकलेटात बुडवलेले खजूर ठेवता येतील, आणि ते फ्रिजमध्ये ठेवावे लागणार नाहीत.

तोपर्यंत दर डिसेंबरला सराव करायला हरकत नाही. लादी आणा, तीळ भाजून गार करून ठेवा, मुलांना हात धुऊन कोरडे करायला सांगा. थंडी दाराशी आहेच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)